शंभर वर्षांचा पाऊस आणि पीण्यातली पन्हळ

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात नवी शेड उभी राहताना किंवा जुन्या शेडचे पत्रे बदलताना एक वाक्य हमखास कानावर येते : "शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरून डिझाइन केलंय, काळजी करू नका." सोबत मिलिमीटरमधला एक आकडा असतो. तो किती वर्षांच्या नोंदीवरून काढला, कोणत्या ठिकाणच्या, आणि तो किती खाली-वर होऊ शकतो, हे कागदावर नसते. पन्हळीचा आकार, जोत्याची उंची, कंट्रोल पॅनेल जमिनीपासून किती वर बसवायचे, सांडपाण्याच्या टाकीला किती मोकळा काठ ठेवायचा, हे सगळे त्या एका आकड्याला लटकलेले असते. तो आकडा ज्या आलेखातून येतो, त्याला रिटर्न लेव्हल प्लॉट म्हणतात. संगणकावर तो दोन ओळींत निघतो, आणि त्यामुळेच तो चुकीचा निघाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. हा लेख कारखान्याची देखभाल पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी आणि छोट्या युनिटच्या मालकांसाठी आहे. आलेख स्वतः काढा, किंवा सल्लागाराने काढून दिला असेल तर त्यात बोट कुठे ठेवायचे ते पाहा.

आधी थोडक्यात कल्पना. दर वर्षीच्या सगळ्यात मोठ्या एका दिवसाचा पाऊस घ्यायचा. अशा चाळीस-पन्नास किंवा शंभर आकड्यांवर कमाल मूल्यांचे संभाव्यता-वितरण बसवायचे. मग विचारायचे, कोणत्याही एका वर्षी ओलांडली जाण्याची शक्यता फक्त १ टक्का आहे अशी पातळी कोणती? ती १०० वर्षांची रिटर्न लेव्हल. शक्यता ४ टक्के असेल तर २५ वर्षांची. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर मिलिमीटर, मध्ये एक वक्र, वक्राभोवती अनिश्चिततेचा पट्टा आणि प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज आला म्हणजे आता शंभर वर्षे सुट्टी, असा नाही. दर वर्षी तीच १ टक्का शक्यता, नव्याने.

बेंगळुरूचे खरे आकडे समोर ठेवू. शहराच्या वेधशाळेतला एका दिवसाचा विक्रम १ ऑक्टोबर १९९७ चा, १७८.९ मिलिमीटर. त्याच्या खालोखाल १२ सप्टेंबर १९८८ चे १७७.६. ऑगस्टचा उच्चांक फार जुना, २७ ऑगस्ट १८९० चा, १६२.१. मे महिन्याचा ६ मे १९०९ चा, १५३.९. जूनचा उच्चांक १६ जून १८९१ पासून १०१.६ वर अडकलेला होता, तो २ जून २०२४ रोजी १११.१ मिलिमीटरने मोडला.

या तारखा पुन्हा वाचा. आपण मराठी माणसे पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर असे धरूनच मोठे होतो. कोकणात, कोल्हापुरात, पुण्यात ते बहुतांशी चालते. तोच चार महिन्यांचा तुकडा कापून तुम्ही बेंगळुरूच्या नोंदीवर मॉडेल बसवलेत, तर १ ऑक्टोबर १९९७ हा शहराच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस एका दिवसाने हुकतो. ६ मे १९०९ सुद्धा बाहेर पडतो. इथे एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळतो, मग नैऋत्य मोसमी, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमीचा फटका. ओल्या काळाची लांबी जवळजवळ आठ महिने. म्हणून बेंगळुरूसाठी पूर्ण वर्षच घ्या. कॅलेंडर वर्ष इथे सोयीचे आहे, कारण ते जानेवारीत, म्हणजे कोरड्या दिवसांत तुटते. चेन्नईला डिसेंबरातही मोठा पाऊस येतो, तिथे डिसेंबरअखेर वर्ष तोडण्याआधी दोनदा विचार करावा लागेल. 'डेटा कुठून कुठपर्यंत' हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण बेंगळुरूच्या बाबतीत निम्मा निकाल तिथेच लागतो.

नोंदी मिळवायच्या तर गंमत अशी, की विचारणा शेवटी पुण्यातच जाते. भारतीय हवामान विभागाचे राष्ट्रीय डेटा केंद्र तिथे आहे आणि वेधशाळांच्या दैनंदिन नोंदी तिथून मागवता येतात. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. पहाटे तीनला सुरू होऊन सकाळी अकरापर्यंत कोसळलेला पाऊस दोन तारखांत विभागला जातो आणि दोन्ही दिवस मध्यम दिसतात. म्हणून साडेआठ-ते-साडेआठ नोंदीवरून सलग २४ तासांचा कमाल पाऊस काढताना अभियंते साधारण १.१३ ने गुणतात. सल्लागाराने हे केले आहे का, एवढे विचारा. केले नसेल तर आकडा साधारण नवव्या हिश्श्याने कमी आहे.

हवामान विभागाचे चौकोनी जाळ्यावरचे पावसाचे आकडेही मिळतात, १९०१ पासूनचे. पाव अंशाचा एक चौकोन म्हणजे साधारण पंचवीस बाय पंचवीस किलोमीटर. हवामानाच्या अभ्यासाला ते उत्तम. शेडच्या पन्हळीला नाही, कारण चौकोनावर सरासरी घेताना ढगफुटीची टोके बोथट होतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न अंतराचा. शहराची वेधशाळा पीण्यापासून दहाएक किलोमीटरवर आहे. बेंगळुरूतला गडगडाटी पाऊस इतका स्थानिक असतो, की पीण्याशेजारच्या जालहळ्ळीत रस्ते तुंबलेले असताना शहराच्या मध्यावर मॅजेस्टिकला नुसता शिडकावा असू शकतो. या बाबतीत मुंबईचे उदाहरण कायमचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३.४. एकच शहर, एकच दिवस. म्हणून पीण्यासाठी कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांकडे वळावे लागते. ते केंद्र बेंगळुरूतच, येलहंक्याला आहे आणि त्याची यंत्रे दर १५ मिनिटांनी नोंद पाठवतात. त्यांची मालिका वेधशाळेइतकी लांब नाही, पण जागा आणि कालावधी दोन्ही बरोबर. दोन्ही नोंदी घ्या. लांब नोंदीवरून वक्राचा आकार कळतो, जवळच्या नोंदीवरून तो आकार पीण्याला लागू पडतो का ते तपासता येते.

आता सॉफ्टवेअर. 'आर' ही फुकट मिळणारी प्रणाली पुरेशी आहे. तिच्यात कमाल मूल्यांसाठी अनेक पॅकेजेस आहेत. 'इसमेव्ह' हे स्टुअर्ट कोल्स यांच्या २००१ च्या पाठ्यपुस्तकाच्या जोडीचे. 'एक्स्ट्रीम्स' हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात एरिक गिलेलँड यांनी विकसित केलेले. सुरुवात करणाऱ्याने 'एक्स्ट्रीम्स' घ्यावे. त्यात 'एफ-ई-व्ही-डी' नावाचे फंक्शन आहे. त्याला वार्षिक कमाल पावसाचा स्तंभ द्यायचा, वितरणाचा प्रकार 'जी-ई-व्ही' सांगायचा, आणि मिळालेल्या निकालावर 'प्लॉट' चालवून प्रकार 'आर-एल' निवडायचा. आलेख तयार.

'जी-ई-व्ही' म्हणजे सर्वसाधारण कमाल मूल्य वितरण. त्याचे तीन पॅरामीटर : लोकेशन सांगतो, वक्र कुठे आहे; स्केल सांगतो, किती पसरला आहे; आणि शेप सांगतो, टोकाला काय होते. पहिले दोन चाळीस वर्षांच्या नोंदीतून बऱ्यापैकी पक्के कळतात. शेप नाही. आणि शंभर वर्षांचा आकडा सगळ्यात जास्त ज्याच्यावर हलतो, तो शेपच.

काल्पनिक आकडे घेऊन बघू. हे बेंगळुरूचे नाहीत, फक्त हिशोबासाठी आहेत. समजा लोकेशन ६५ मिलिमीटर आणि स्केल २०. शेप शून्य धरला तर १० वर्षांची रिटर्न लेव्हल ११० येते, १०० वर्षांची १५७. शेप ०.१ केला तर १० वर्षांची जेमतेम ११५ होते, पण १०० वर्षांची १८२. शेप उणे ०.१ केला तर १० वर्षांची १०५ आणि १०० वर्षांची १३९. म्हणजे दहा वर्षांच्या आकड्यात फरक दहा मिलिमीटरचा, शंभर वर्षांच्या आकड्यात त्रेचाळीसचा. आणि चाळीस वर्षांच्या नोंदीवरून शेप ०.१ आहे की उणे ०.१, हे ठामपणे सांगता येत नाही. ही सॉफ्टवेअरची उणीव नाही. टोकाच्या घटना मुळातच कमी असतात, एवढाच त्याचा अर्थ.

शेप उणे आला तर वक्राला छत असते, आमच्या उदाहरणात २६५ मिलिमीटरचे. त्याच्यावर पाऊस जाऊच शकत नाही, असे मॉडेल म्हणते. पावसाच्या बाबतीत मी अशा छतावर सहसा विश्वास ठेवत नाही. पापालेक्सिओ आणि कुत्सोयानिस या ग्रीक जलशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये जगभरच्या हजारो पर्जन्यमापकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शेप बहुतेक ठिकाणी किंचित धन दिसला. तुमचा छोट्या नोंदीवरचा शेप ठळक उणे आला, तर आधी शंका नोंदीवर घ्या. मोठ्या पावसाच्या दिवशी पर्जन्यमापक तुंबला असेल, वीज गेली असेल, तर नेमकी हवी तीच नोंद गायब असते आणि त्या वर्षाचा कमाल पाऊस फसवा लहान दिसतो.

नोंद तीसेक वर्षांपेक्षा छोटी असेल तर महत्तम शक्यतेच्या पद्धतीऐवजी एल-मोमेंट्सची पद्धत वापरून पाहा. 'एफ-ई-व्ही-डी'मध्ये ती एक पर्याय म्हणून दिलेलीच आहे. दोन्ही पद्धतींचे वक्र एकमेकांपासून फार दूर गेले, तर १०० वर्षांचा आकडा कुणालाही ठासून सांगू नका.

आलेखाच्या आडव्या अक्षाबद्दल दोन शब्द. तो लॉगसारखा असतो, म्हणजे १ ते १० वर्षांना जेवढी जागा, साधारण तेवढीच १० ते १०० ला. संगणकापूर्वीच्या काळात अभियंते यासाठी 'गम्बेल पेपर' नावाचा खास आलेखकागद वापरत आणि ठिपक्यांमधून पट्टीने रेघ ओढत. हा एमिल गम्बेल म्हणजे जर्मनीतल्या राजकीय खुनांची आकडेवारी छापून नाझींचा रोष ओढवून घेतलेला गणितज्ञ. तो देश सोडून आधी फ्रान्सला, नंतर अमेरिकेला गेला आणि १९५८ मध्ये टोकाच्या घटनांच्या सांख्यिकीवरचे त्याचे पुस्तक आले. त्या अक्षावर शेप शून्य असेल तर वक्र सरळ रेषा होतो. धन असेल तर वर वळतो, उणे असेल तर आडवा होत जातो. तुमच्या सल्लागाराने आकडे एक्सेलमध्ये नेऊन साध्या अक्षावर काढले असतील, तर प्रत्येकच वक्र पुढे सपाट होताना दिसेल, आणि बैठकीत कोणीतरी म्हणेल, "बघा, पन्नासनंतर पाऊस काही वाढत नाही." तो अक्षाने केलेला भास आहे.

आता ठिपके. आलेखावर प्रत्येक वर्षाचा कमाल पाऊस त्याच्या क्रमांकानुसार ठेवला जातो. समजा नोंद १२० वर्षांची आहे. सर्वांत मोठा आकडा, १७८.९, आडव्या अक्षावर १२१ वर्षांवर बसतो. दुसरा, १७७.६, त्याच्या निम्म्यावर, साठ वर्षांच्या आसपास. दोन आकड्यांत फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा आणि प्रत्यक्ष अंतर नऊ वर्षांचे. आलेखावर मात्र एक 'साठ वर्षांचा' पाऊस आणि दुसरा 'एकशे एकवीस वर्षांचा'. म्हणून उजव्या टोकाचे दोन-तीन ठिपके वक्रावर नेमके बसले नाहीत म्हणून मॉडेल टाकून देऊ नका, आणि नेमके बसले म्हणून खूशही होऊ नका. बघायचे ते मधले ठिपके. ते एकाच बाजूला सलग झुकलेले असतील तर गडबड आहे.

एखादाच ठिपका फार वर सुटला असेल, सांताक्रूझच्या ९४४ सारखा, तर आलेख दोनदा काढा : एकदा तो धरून, एकदा वगळून. दोन्ही अहवालात लावा. वगळलेला आलेख डिझाइनसाठी नाही. एका दिवसावर आपला आकडा किती अवलंबून आहे, ते दिसावे म्हणून. २६ जुलै २००५ नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, आणि मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली आहे, ही गोष्ट सर्वसामान्य लोकांपर्यंत पोचली. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच ५० मिलिमीटर सुचवले होते. तिथे कमी पडला तो आलेख नव्हता.

पट्टा हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा, आणि अहवालातून सर्वांत आधी गाळला जातो तोही तोच. सॉफ्टवेअर सहसा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा तुटक रेषांनी दाखवते. 'एक्स्ट्रीम्स' नेहमीच्या पद्धतीने तो काढते तेव्हा वक्राच्या वर आणि खाली सारखेच अंतर सोडते. लांब कालावधीसाठी हे चुकीचे आहे. पाऊस अंदाजापेक्षा खूप जास्त असण्याची शक्यता खूप कमी असण्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे खरा पट्टा वरच्या बाजूला रुंद हवा. त्यासाठी 'सी-आय' या फंक्शनमध्ये पद्धत 'प्रॉफलिक' निवडा, म्हणजे प्रोफाइल लाइकलीहूड. त्यासोबत तपशीलवार आउटपुटचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे पडद्यावर एक डोंगरासारखा वक्र उमटेल. त्याच्या दोन्ही उतारांना आडवी रेघ छेदायला हवी. उजवा उतार रेघेपर्यंत पोचलाच नाही, तर तपासणीची मर्यादा वाढवून पुन्हा चालवा. 'इसमेव्ह'मध्ये तर ही मर्यादा तुम्हालाच हाताने द्यावी लागते, आणि अरुंद दिली तर वरचे टोक हाती लागत नाही. १०० वर्षांच्या आकड्यासाठी ही दहा मिनिटे वाचवण्यात शहाणपण नाही.

'एक्स्ट्रीम्स'ची आणखी एक सवय सांगतो. तुम्ही काहीही सांगितले नाही तर ते २ वर्षांपासून थेट ८०० वर्षांपर्यंतचा वक्र काढते. नोंद पस्तीस वर्षांची आणि वक्र आठशे वर्षांचा! डोळ्याला ते भारदस्त दिसते. कालावधींची यादी स्वतः द्या आणि नोंदीच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट वर्षांच्या पुढे जाऊ नका. पुढे जावेच लागले तर आकडा न देता पट्टा द्या.

वर्षाला एकच आकडा घेण्यात बाकीचा मोठा पाऊस वाया जातो, म्हणून दुसरी पद्धत आहे : एक उंबरठा ठरवायचा आणि त्यावरचे सगळे दिवस घ्यायचे. यात 'जनरलाइज्ड परेटो' वितरण वापरतात. छोट्या नोंदींसाठी, म्हणजे पीण्याच्या १५ मिनिटांच्या नोंदींसाठी, ही पद्धत जास्त कामाची. उंबरठा निवडायला सरासरी-अतिरेकाचा आलेख आणि वेगवेगळ्या उंबरठ्यांवर पॅरामीटर स्थिर राहतात का ते दाखवणारा आलेख, हे दोन्ही त्याच पॅकेजमध्ये मिळतात. एकाच पावसाच्या लागोपाठच्या नोंदी वेगळ्या घटना म्हणून मोजल्या जाऊ नयेत, म्हणून त्यांचे गट करून प्रत्येक गटातला एकच घ्यायचा. त्यासाठी 'डीक्लस्टर' आहे.

आणि इथेच सर्वांत महाग चूक होते. रिटर्न लेव्हल वर्षांत मोजायची तर सॉफ्टवेअरला एका वर्षात किती नोंदी आहेत हे माहीत हवे. तुम्ही काहीच सांगितले नाही तर ते नोंदी रोजच्या आहेत, म्हणजे वर्षाला ३६५.२५, असे धरते. तुम्ही १५ मिनिटांच्या नोंदी दिल्या आणि हे बदलायला विसरलात, तर दिवसाला ९६ नोंदी असताना ते एकच समजते. मग आलेखावर '१०० वर्षे' लिहिलेला पाऊस प्रत्यक्षात जवळजवळ दर वर्षी येणारा असतो. तासाच्या नोंदी असतील तर '१०० वर्षे' म्हणजे चार वर्षांहून किंचित जास्त. उलट, फक्त जून-सप्टेंबरचे १२२ दिवस दिले आणि ३६५ तसेच ठेवले, तर '१०० वर्षे' म्हणजे खरे तर तीनशे. वक्र छान, ठिपके छान, पट्टा छान, आणि १५ मिनिटांवाल्या चुकीत पन्हळ पहिल्याच वळवात ओसंडते. 'टाइम-युनिट्स' या ठिकाणी वर्षाला ३५,०६४ नोंदी असे स्पष्ट लिहा. कोणाचाही आलेख तपासायला बसलात तर पहिला प्रश्न हाच विचारा.

पायथॉनवाल्यांसाठी एक ओळ. 'सायपाय'मधल्या 'जेनएक्स्ट्रीम' वितरणात शेपचे चिन्ह उलटे असते. तिथे आलेला ०.१ म्हणजे आरमधला उणे ०.१. मघाचे १८२ आणि १३९ आठवा.

हवामान बदलते आहे, मग जुन्या नोंदींचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. प्रदीप मुजुमदार यांच्यासारख्या जलशास्त्रज्ञांनी बेंगळुरूच्या शहरी पुरांवर दीर्घकाळ काम केले आहे, त्याच्या मुळाशीही हा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरमध्ये लोकेशन वर्षानुसार बदलू देता येते. पण तसे केल्यावर एकच रिटर्न लेव्हल उरत नाही. दर वर्षाची वेगळी असते. 'एक्स्ट्रीम्स' अशा वेळी नेहमीचा वक्र काढत नाही, आडव्या अक्षावर वर्षे घेऊन 'परिणामी' रिटर्न लेव्हलच्या रेषा काढते. आलेख बिघडला असे समजून लोक गोंधळतात. बिघडलेला नसतो. मात्र हा बदल मॉडेलमध्ये घालण्याआधी स्थिर मॉडेलशी त्याची लाइकलीहूड कसोटीने तुलना करा, आणि वार्षिक एकूण पावसाची गल्लत एका दिवसाच्या कमाल पावसाशी करू नका. २०१७ मध्ये बेंगळुरूत १,६९६ मिलिमीटर पाऊस होऊन तेव्हाचा वार्षिक विक्रम झाला, तरी १९९७ चा एका दिवसाचा विक्रम अबाधित राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराचा पूर्व भाग बुडाला, तेव्हा वेधशाळेची नोंद १३१.६ होती, विक्रमापेक्षा बरीच खाली. राजकालुवे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे मोठे नाले, बुजवले असतील तर बुडायला दहा-वीस वर्षांचा पाऊसही पुरतो.

आता पन्हळीपर्यंत येऊ. पत्र्यावरचे पाणी काही मिनिटांतच पन्हळीत येते. म्हणून पन्हळीला दिवसाचा पाऊस लावून उपयोग नाही, १५ मिनिटांचा हवा. १५ मिनिटांच्या नोंदी नसतील तर हवामान विभागाचा एक-तृतीयांश घाताचा नियम वापरतात : कालावधीला २४ तासांनी भागायचे, त्याचे घनमूळ काढायचे आणि दिवसाच्या पावसाला त्याने गुणायचे. १७८.९ मिलिमीटरच्या दिवसातून एका तासाचा पाऊस साधारण ६२ निघतो, १५ मिनिटांचा ३९. हजार चौरस मीटरच्या छतावर एक मिलिमीटर म्हणजे हजार लिटर. तासाचा आकडा घेतला तर पन्हळीला सेकंदाला १७ लिटर वाहून न्यायचे आहेत. १५ मिनिटांचा घेतला तर ४३. तुमची पन्हळ पहिल्या आकड्यावर बांधलेली असेल तर छताचे पाणी आत मशिनवर येणार, मग कागदावर शंभर वर्षे लिहिलेली असोत की हजार. आणि हा नियमही सावधपणे वापरा. वळवाच्या दिवशी दिवसभराचा सगळा पाऊस तास-दीड तासात येतो, तेव्हा नियम कमीच सांगतो.

कोणत्या गोष्टीसाठी किती वर्षे, हे गणित सांगत नाही, नुकसान सांगते. शेड २५ वर्षे वापरायची असेल, तर त्या काळात २५ वर्षांचा पाऊस किमान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के, ५० वर्षांचा ४० टक्के. पन्हळ ओसंडून पाणी बाहेर सांडणार असेल तर २५ वर्षे पुष्कळ झाली. पन्हळीचा बाहेरचा काठ आतल्यापेक्षा खाली ठेवा, म्हणजे ओसंडली तरी भिंतीबाहेर. सीएनसी मशिनचे पॅनेल उंच बसवायला लोखंडी चौकटीचा खर्च येतो, तो करा आणि १०० वर्षांच्या पट्ट्याचे वरचे टोक धरा. सर्वांत कडक निकष मी प्लेटिंगच्या युनिटला लावीन. तिथली उघडी सांडपाण्याची टाकी पावसाने भरून वाहिली तर क्रोमियम थेट गटारात आणि तिथून वृषभावतीच्या खोऱ्यात जाते. तिथे पन्हळीचा १५ मिनिटांचा हिशोब नको, टाकी रिकामी करायला जितके तास लागतात तितक्या तासांचा पाऊस घ्या, १०० वर्षांच्या पट्ट्याचे वरचे टोक धरा, किंवा सरळ टाकीवर छप्पर घाला. छप्पर बहुधा स्वस्त पडते.

जोत्याची उंची मात्र एकट्या पावसाच्या आलेखाने ठरत नाही. समोरच्या गटाराचे आणि पुढच्या राजकालुवेचे पाणी किती चढते, ते बघावे लागते. आधीच्या पुराच्या खुणा शेजारच्या भिंतींवर असतात; त्यांची उंची लेव्हल लावून मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. त्या तारखांचा पाऊस आलेखावर कुठे बसतो ते पाहिलेत, की दहा वर्षांचा पाऊस तुमच्या दारात किती इंच पाणी आणतो हे कळेल. हा आकडा कुठलेही पॅकेज देणार नाही.

शक्य असेल तर छतावर स्वतःचा एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवा, झाडाच्या आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशापासून दूर. त्याचे घड्याळ दर महिन्याला जुळवा. ज्या दिवशी यंत्र बंद होते, ती जागा रिकामी ठेवा. तिथे शून्य लिहू नका. शून्य म्हणजे पाऊस नव्हता, रिकामे म्हणजे माहीत नाही, आणि आलेख काढणाऱ्याला या दोन्हींतला फरक नंतर कुठूनही शोधून काढता येत नाही.